डंबेल्स बाजूला ठेवणारा राजा

धायरी फाट्यावरून गावाकडे निघाले की जिमच्या पाट्या एकापाठोपाठ एक लागतात. गाव महापालिकेत आले, शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि सोसायट्यांच्या पाठोपाठ जिम आल्या. ट्रेडमिल आणि डंबेल्सच्या शेजारी तिथे अलीकडे आणखी एक वजन दिसते. लोखंडाचा गोळा आणि त्याच्या माथ्यावर जाड कडी. याचे नाव केटलबेल. नाव इंग्रजी असले तरी वस्तू रशियातली. तिथल्या बाजारात धान्य तोलायला ही वजने वापरत. ‘पूद’ हे त्यांचे माप सोळा किलोपेक्षा किंचित जास्त भरते. म्हणून आजही केटलबेल १६, २४, ३२ किलो अशा टप्प्यांत मिळते. सेंट पीटर्सबर्गमधले डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी १८८५ मध्ये शक्तीच्या व्यायामाचे मंडळ सुरू केले आणि बाजारातल्या या वजनाला व्यायामात मानाची जागा मिळवून दिली. आपल्या तालमींतला, पकडायला मूठ कोरलेला दगडी नाल पाहिलेल्यांना हे नवल वाटणार नाही.

केटलबेल शिकवण्यासाठी आता प्रमाणपत्रे मिळतात. २००१ मध्ये अमेरिकेत प्रशिक्षकांसाठी असा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे त्याचे अनेक अवतार निघाले. त्यातली एक परीक्षा प्रसिद्ध आहे: २४ किलोचा गोळा पाच मिनिटांत शंभर वेळा जमिनीकडून थेट डोक्यावर न्यायचा. मात्र तिथवर पोचण्याआधी उमेदवाराला सगळ्यात साधी गोष्ट शिकावी लागते. ती म्हणजे पाठ न वाकवता कमरेखालच्या सांध्यातून वाकणे. गोळा हातांनी ओढायचा नसतो. नितंब आणि मांडीच्या मागच्या स्नायूंच्या झटक्याने तो पुढे जातो. हे स्वतःच्या अंगात मुरल्याशिवाय दुसऱ्याला शिकवता येत नाही.

व्यायाम कोणी शिकवावा, त्यासाठी काय लागते, उपकरण घ्यावे की स्वतःचे शरीरच वजन म्हणून वापरावे, हे प्रश्न आजचे वाटतात. सव्वाशे वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका तरुणापुढे हेच प्रश्न होते. त्याने दहा वर्षे डंबेल्स वापरले आणि मग ते बाजूला ठेवून दुसरी वाट धरली. त्या वाटेमुळे सूर्यनमस्कार महाराष्ट्रातल्या शाळांच्या मैदानांवर आणि पुढे जगभर पोचले. हे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, औंधचे राजे. औंध म्हणजे पुण्यातले नव्हे. खटाव तालुक्यातले, यमाईच्या डोंगराखालचे.

टपालाने आलेली तालीम

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. प्रतिनिधी हे छत्रपतींच्या दरबारातले मोठे पद, आणि औंध ही त्या घराण्याची गादी. ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले. चित्रकलेचा नाद लहानपणापासूनचा. कीर्तन, वाचन, लेखन हेही आवडीचे. या यादीत व्यायाम आला तो त्या वेळच्या नव्या सुशिक्षित पिढीला साजेल अशा मार्गाने, म्हणजे विलायतेहून.

युजीन सँडो हा जर्मन पहिलवान तेव्हा इंग्लंडात गाजत होता. तो भवानरावांपेक्षा जेमतेम दीड वर्षाने मोठा. त्याच्याआधीचे शक्तिवान लोक सर्कशीत साखळ्या तोडून दाखवत. सँडोने प्रेक्षकांना स्वतःचे शरीर दाखवले आणि असे शरीर कोणालाही कमावता येईल असा विश्वास दिला. त्याचे पुस्तक १८९७ मध्ये निघाले. कोणता व्यायाम किती वेळा करायचा याचे तक्ते त्यात होते. मुठीत आवळण्यासाठी स्प्रिंग बसवलेले डंबेल्स तो विकत असे आणि टपालाने मार्गदर्शन करी. घरबसल्या, दूरच्या गुरूकडून, मापे नोंदवत व्यायाम करण्याची ही पद्धत आज मोबाइलवर चालते; तेव्हा ती पाकिटांतून चालत असे.

भवानरावांनी १८९७ मध्ये सँडोची पुस्तके आणि साहित्य मागवले आणि व्यायाम सुरू केला. पुढची दहा वर्षे तो नेमाने चालला. ही दहा वर्षे महत्त्वाची आहेत. डंबेल्स न वापरताच त्यांना नावे ठेवणारे पुष्कळ होते. परदेशी म्हणून नाक मुरडणारे होते, तसेच परदेशी म्हणून डोक्यावर घेणारेही. भवानराव या दोन्हींत बसत नव्हते. त्यांनी एक पद्धत पूर्ण पाळली, तिचा फायदा घेतला आणि मग तिच्या मर्यादा मोजल्या. सँडो स्वतः १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा शहरांतल्या नाट्यगृहांत त्याला पाहायला गर्दी झाली. औंधच्या या शिष्याच्या खात्यात तोवर सात-आठ वर्षांचा नेम जमा झालेला होता.

दहा वर्षांनंतरचा हिशेब

डंबेल्सनी स्नायू कमावता येतात, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती. खटकत होते ते वेगळेच. सँडोच्या पद्धतीत दंडाचा व्यायाम वेगळा, खांद्याचा वेगळा, पोटाचा वेगळा. त्यासाठी साहित्य लागे, ते विकत घ्यावे लागे, आणि प्रवासात ते बरोबर न्यावे लागे. श्वासाचा, पाठीच्या कण्याच्या लवचिकपणाचा आणि मनाच्या एकाग्रतेचा विचार त्यात कमी होता. राजघराण्यातल्या माणसाला खर्चाची चिंता नव्हती. पण भोवतालच्या शेतकऱ्याच्या पोराला हे परवडण्यासारखे नव्हते.

मिरजेचे राजे हे भवानरावांचे स्नेही. त्यांच्या आग्रहावरून १९०८ च्या सुमारास भवानरावांनी नमस्कार हाच आपला मुख्य व्यायाम केला. नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थ रामदासांच्या नित्यनेमाशी परंपरा त्यांचे नाते जोडते, आणि तालमींत जोर-बैठकांबरोबर ते घातले जात. अनेक घरांत ते उपासनेचा भाग होते. पण किती घालावेत, कसे घालावेत, श्वास कुठे घ्यावा, मुलांनी किती आणि मोठ्यांनी किती, याची सगळ्यांना समजेल अशी घडी बसलेली नव्हती. सँडोकडून शिकलेली शिस्त इथे कामी आली. टप्पे पाडणे, मापे ठेवणे, संख्या हळूहळू वाढवणे, छायाचित्रांतून नेमकी स्थिती दाखवणे ही नव्या व्यायामशास्त्राची रीत त्यांनी जुन्या नमस्काराला लावली.

म्हणजे डंबेल्स सुटले तरी सँडोची दहा वर्षे वाया गेली नाहीत. एका पद्धतीत मुरलेला माणूस दुसरी पद्धत जास्त बारकाईने पाहतो.

दहा टप्प्यांचा नमस्कार

भवानरावांच्या नमस्कारात दहा टप्पे होते. आज सर्वत्र बारा मोजतात. हात जोडून ताठ उभे राहणे, गुडघे न वाकवता पुढे वाकून तळवे जमिनीला टेकवणे, एक पाय मागे, मग दुसरा पाय मागे, साष्टांग, छाती वर उचलणे, कंबर वर नेणे, आणि मग उलट क्रमाने पुन्हा उभे राहणे. तळवे एकदा टेकले की नमस्कार पुरा होईपर्यंत जागेवरून हलवायचे नाहीत, यावर त्यांचा कटाक्ष होता. श्वास नाकाने आणि ठरलेल्या जागी घ्यायचा. बीजमंत्रांचा स्पष्ट उच्चार करायचा.

शरीरशास्त्राच्या नजरेने हा क्रम पाहिला तर त्यातली हुशारी कळते. पुढे वाकताना मांडीच्या मागचे स्नायू आणि पिंढऱ्या ताणल्या जातात. दोन्ही पाय मागे गेल्यावर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हातांवर येतो. छाती, खांदे आणि दंडाच्या मागच्या बाजूला तो पेलावा लागतो आणि पोटाच्या स्नायूंना कंबर खाली पडू न देण्याचे काम मिळते. छाती वर उचलताना पाठीचे स्नायू आखडतात आणि पोटाचे ताणले जातात. कंबर वर नेताना नेमके उलट होते. कणा एका नमस्कारात पुढे आणि मागे दोन्ही बाजूंना वाकतो. गती वाढवली की हृदयाची धडधड वाढते आणि तोच व्यायाम दमसासाचा होतो; गती कमी ठेवली की तो ताण देण्याचा आणि शांत करण्याचा होतो. तळव्यांची जागा न बदलण्याचा नियमही उगाच नव्हता. जागा बदलली की माणूस नकळत अंतर कमी करतो, सोपी वाट शोधतो आणि ताण चुकवतो. केटलबेलच्या प्रशिक्षकाची नजर उमेदवाराच्या टाचांवर आणि पाठीवर असते ती याच कारणासाठी.

बहात्तर गावांची शाळा

४ नोव्हेंबर १९०९ रोजी भवानराव औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान: सुमारे बहात्तर गावे, पाऊण लाखाच्या आसपास वस्ती, आणि तीही एकसंध नव्हे. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. बराचसा मुलूख माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यातला. तिजोरी बेताची.

अशा संस्थानाच्या राजापुढे आरोग्याचा प्रश्न पैशाच्या भाषेतच उभा राहतो. गावोगाव दवाखाने काढायला पैसा नाही, व्यायामशाळा बांधून त्यात साहित्य ठेवायलाही नाही. पण प्रत्येक मुलाकडे स्वतःचे शरीर आहे, आणि एक माणूस लांब पडेल एवढी जागा कुठल्याही शाळेच्या अंगणात आहे. भवानरावांनी संस्थानातल्या सर्व शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांना आणि मुलींनाही. मुलींनी मैदानात व्यायाम करावा ही कल्पनाच अनेक घरांना पचत नव्हती, त्या काळातला हा निर्णय आहे. राजेसाहेबांनी त्याची सुरुवात स्वतःच्या घरापासून केली होती. राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालत.

शाळांत शिकवणार कोण? गावातला एकटा-दुकटा मास्तर. नमस्कार बरोबर शिकवायचा तर तो आधी मास्तरांना यायला हवा होता. राजेसाहेब फिरतीवर असताना व्याख्यान देत आणि सगळ्यांसमोर स्वतः नमस्कार घालून दाखवत. कृतीची सचित्र पुस्तके निघाली, चित्रफीतही तयार झाली. पन्नाशी-साठी उलटलेला राजा उघड्या अंगाने जमिनीवर साष्टांग पडतो आणि उठतो, हे पाहिल्यावर कोणत्याही मास्तराला वयाची सबब सांगणे जड गेले असणार. औंधात प्रमाणपत्राची जागा या प्रात्यक्षिकाने घेतली होती.

याच काळात महाराष्ट्रात व्यायाम शिकवण्याचे रीतसर शिक्षणही आकार घेत होते. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शिक्षक घडवू लागले. पुण्यात १९२४ मध्ये शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभारले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी संस्था काढली. औंधचा प्रयोग या साखळीतली एक कडी होता. फरक एवढाच, की इथे अभ्यासक्रम एकाच व्यायामाचा होता आणि वर्ग सबंध संस्थानाचा.

औंधच्या शाळेने राजेसाहेबांच्या इतर आवडींचाही लाभ घेतला. साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर हे दोघेही काही काळ औंधला शिकले. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर १९१८ पासून औंधात राहिले, तिथे त्यांनी स्वाध्याय मंडळ चालवले आणि नमस्कारांच्या प्रसारालाही हातभार लावला. राजेसाहेबांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिले, त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. स्वतः रामायणाची चित्रे काढली. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. इतकी व्यवधाने सांभाळताना नमस्कार मात्र चुकत नसत.

लंडनची वाट

भवानरावांचे नमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक १९२० च्या दशकाच्या अखेरीस निघाले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांचे वय अडुसष्टीला आलेले. लुईझ मॉर्गन ही ‘न्यूज क्रॉनिकल’ दैनिकाची पत्रकार त्यांना भेटली. या वयात अशी तब्येत पाहून तिने विषय उचलून धरला, स्वतः नमस्कार शिकली आणि वाचकांना सांगू लागली. १९३८ मध्ये लंडनच्या डेंट या प्रकाशनाने तिच्या संपादनाखाली राजेसाहेबांचे पुस्तक नव्या रूपात काढले. त्याच्या नावातच आरोग्याकडे नेणारे दहा टप्पे होते. चाळीस वर्षांपूर्वी विलायतेहून व्यायामाचे पुस्तक मागवणाऱ्या माणसाचे पुस्तक आता विलायतेत छापले जात होते.

देशातही नमस्कार पसरत होते. १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात ते शिकवले जात होते. तिथेच कृष्णमाचार्य आसनांचे वर्ग घेत. आसने आणि नमस्कार त्या वेळी दोन वेगळे विषय मानले जात. जुन्या हठयोगाच्या ग्रंथांत आजच्यासारखा सूर्यनमस्कार सापडत नाही. आज जगभरच्या योगवर्गांची सुरुवात ज्या नमस्काराने होते, तो औंधच्या शाळांत व्यायाम म्हणून घातला जात होता.

बंगळूरचे शरीरसौष्ठवपटू के. व्ही. अय्यर यांनी मात्र भवानरावांपेक्षा वेगळा मार्ग धरला. त्यांनीही १९३७ मध्ये सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले, पण लोखंड सोडले नाही. सकाळी नमस्कार, नंतर वजने, असा त्यांचा मेळ होता. भवानरावांना जिथे निवड करावी लागली, तिथे अय्यरांना दोन्ही हवे होते. आजचे विज्ञान अय्यरांच्या बाजूला झुकते.

दावे आणि मर्यादा

राजेसाहेबांचे नमस्कारांवरचे प्रेम पुढे पुढे इतके वाढले, की सर्दीपासून स्त्रियांच्या तक्रारींपर्यंत बहुतेक दुखण्यांवर तोच उपाय त्यांना दिसू लागला. आहाराबद्दलही त्यांची ठाम मते होती. त्यांतली काही, म्हणजे कमी पॉलिश केलेले धान्य खाणे किंवा चहाचा अतिरेक टाळणे, आजही पटतात. पण एखादा व्यायाम सर्व रोगांवर चालतो हे म्हणणे तेव्हाही सिद्ध नव्हते आणि आजही नाही. ते स्वतः ब्याऐंशी वर्षे जगले, हाही पुरावा होऊ शकत नाही. त्यांना पोटभर सकस अन्न, वैद्य आणि विश्रांती यांची कधी वाण नव्हती. एका माणसाच्या आयुष्यावरून कोणत्या गोष्टीने किती फायदा झाला हे वेगळे काढता येत नाही.

सक्तीचाही दुसरा पैलू आहे. माणदेशातला अर्धपोटी मुलगा आणि औंधच्या सुखवस्तू घरातला मुलगा यांना सारख्याच संख्येचे नमस्कार झेपत नाहीत. वयाप्रमाणे संख्या ठरवून राजेसाहेबांनी याचे भान काही प्रमाणात ठेवले होते. पण व्यायामाच्या आधी ताटात भाकरी लागते, ही गोष्ट दुष्काळी मुलखात कोणालाही वेगळी सांगावी लागत नाही.

नमस्काराच्या स्वतःच्याही मर्यादा आहेत. त्यात ढकलण्याची क्रिया भरपूर आहे, पण ओढण्याची नाही. त्यामुळे पाठीचा वरचा भाग आणि पकड यांना पुरेसे काम मिळत नाही. वजन म्हणजे आपलेच शरीर. ते रोज तेवढेच राहते. सुरुवातीला दहा नमस्कारांनी दमणारा माणूस काही महिन्यांत पन्नास घालू लागतो, पण त्यानंतर वाढतो तो दम, ताकद फारशी नाही. स्नायू आणि हाडे यांना बळकट होण्यासाठी हळूहळू वाढणारा भार लागतो. चाळिशीनंतर स्नायू घटू लागतात आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. त्यांना हा भार विशेष उपयोगी पडतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सांगते, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. केटलबेल, डंबेल्स, मुद्गल किंवा तालमीतला नाल या दुसऱ्या भागात मोडतात. भवानरावांनी बाजूला ठेवलेल्या वस्तूची गरज संपलेली नव्हती. त्यांच्या बहात्तर गावांना ती परवडणारी नव्हती.

राज्यही सोडले

१९३८ च्या अखेरीस राजेसाहेबांनी आपले अधिकार प्रजेकडे देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधात तशी राज्यघटना अमलात आली. महात्मा गांधींचा सल्ला, राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पा पंत आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांचे श्रम त्यामागे होते. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत निघाली. शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीविना राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला तिथूनच प्रेरणा मिळाली.

नमस्कार आणि ही राज्यघटना या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. पण दोन्हींत एक धागा दिसतो. वरून काही देत राहण्यापेक्षा माणसाला स्वतःच्या पायावर उभे करायचे, आणि त्यासाठी लागणारे साधन त्याच्याजवळ आधीच असलेले निवडायचे. राजाच्या हुकमाने सुरू झालेला व्यायाम राजा गेल्यावर टिकेल का, हा त्यातला खरा कस होता. मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी भवानराव मुंबईत वारले. हुकूम संपला, नमस्कार राहिले. अप्पा पंत परराष्ट्र सेवेत देशोदेशी गेले तेव्हा नमस्कार त्यांच्याबरोबर गेला, आणि १९७० च्या सुमारास त्यांनीही त्यावर पुस्तक लिहिले. औंधच्या डोंगरावरच्या संग्रहालयात राजेसाहेबांनी जमवलेली चित्रे आणि शिल्पे आजही पाहायला मिळतात. नमस्कार मात्र संग्रहालयात ठेवावा लागला नाही.

धायरीतल्या जिममध्ये शिरताना

केटलबेल शिकू पाहणाऱ्याला किंवा शिकवण्याचे प्रमाणपत्र मिळवू पाहणाऱ्याला या आयुष्यातून घेण्यासारखे बरेच आहे. एखादी पद्धत धरली तर तिला पुरेसा काळ द्यावा. भवानरावांनी डंबेल्सना दहा वर्षे दिली. तीन आठवड्यांत व्यायाम बदलणाऱ्याला कोणत्याच व्यायामाचे खरे गुण-दोष कळत नाहीत. सुरुवात हलक्या वजनाने करावी आणि कमरेखालच्या सांध्यातून वाकणे आधी जमवावे. काठी पाठीला लावून, ती डोके, पाठ आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली ठेवून वाकण्याचा सराव घरीही करता येतो. ते जमेपर्यंत गोळा झुलवू नये. कंबरदुखी, हर्निया, अनियंत्रित रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

नमस्कारांनाही पथ्य आहे. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली जाणाऱ्या स्थिती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नयेत. मनगट दुखत असेल तर उंच ओट्यावर किंवा भिंतीला हात टेकून सुरुवात करता येते. गरोदरपणात आणि शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. एका दिवसात १०८ घालून आठवडाभर अंग धरून बसण्यापेक्षा रोज बारा घातलेले बरे.

आणि प्रशिक्षक निवडताना भिंतीवरचे प्रमाणपत्र जरूर पाहावे. त्यामागे शिक्षण आणि परीक्षा असते. त्याच्याबरोबर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. तो स्वतः नेमाने व्यायाम करतो का? साठीच्या आजीला आणि विशीच्या नातवाला तो वेगवेगळे शिकवतो का? आणि वजन उचलू नका, असे सांगायची वेळ आली तर तो तसे सांगतो का? महागडी उपकरणे परवडत नसतील तर सतरंजी अंथरून नमस्कारांनी सुरुवात करावी. जवळ पाण्याचा भरलेला डबा असेल तर तो कमरेपर्यंत उचलून खाली ठेवण्याचा सरावही चालेल, पाठ सरळ ठेवून.